एरर ज्याचं नाव घेते, तो दोषी असतोच असं नाही

समजा, परभणी जिल्ह्यातल्या सेलू आणि मानवत बाजार समित्यांचे कापसाचे भाव दाखवणारं वेब ॲप एएसपी डॉट नेट कोअरवर लिहिलं आहे. भावांच्या कंट्रोलरला एक सर्व्हिस लागते आणि त्या सर्व्हिसला डेटाबेसशी बोलणारी रिपॉझिटरी. क्लासला लागणाऱ्या वस्तू त्याने स्वतः न बनवता बाहेरून पुरवायच्या, हेच डिपेंडन्सी इंजेक्शन. पान उघडलं की 'अनेबल टू रिझॉल्व्ह सर्व्हिस' असा लाल मजकूर येतो. फ्रेमवर्कच बिघडलं असं समजून अनेक जण पॅकेज काढून पुन्हा टाकतात, आणि एरर जागच्या जागी राहते. त्या मजकुरात दोन नावं असतात: पहिलं न सापडलेल्या वस्तूचं, 'व्हाइल अटेम्प्टिंग टू ॲक्टिव्हेट'नंतरचं ती मागणाऱ्या क्लासचं. बहुतेक जण दुसऱ्याचीच फाइल उघडून बसतात. खरं तर वस्तू बनवून पुरवणाऱ्या कंटेनरमध्ये रिपॉझिटरीचा इंटरफेस नोंदवायचा राहिलेला असतो, किंवा नुसता क्लास नोंदवलेला असतो आणि कन्स्ट्रक्टर मागतो इंटरफेस. 'पण कोड तर कंपाइल झाला!' होणारच, कंटेनरमधल्या नोंदी कंपायलर तपासतच नाही. इतर फ्रेमवर्कमध्येही असंच: स्प्रिंगमध्ये 'कॉज्ड बाय'च्या रांगेतला शेवटचा आधी वाचावा, अँग्युलरमध्ये बाणांच्या साखळीतलं शेवटचं नाव.

याहून महाग पडणारा गैरसमज म्हणजे एरर गेली की प्रश्न सुटला. 'कॅनॉट कन्झ्यूम स्कोप्ड सर्व्हिस फ्रॉम सिंगलटन' (ॲपभर जगणारी वस्तू एका रिक्वेस्टपुरत्या वस्तूवर विसंबते) दिसलं की काही जण सगळंच सिंगलटन करून टाकतात. लाल मजकूर जातो, पण एका रिक्वेस्टपुरता जगायला हवा असा डीबीकाँटेक्स्ट, म्हणजे एन्टिटी फ्रेमवर्कचा डेटाबेसशी बोलणारा ऑब्जेक्ट, आता ॲप बंद होईपर्यंत जगतो. एन्टिटी फ्रेमवर्क एकदा वाचलेली नोंद ट्रॅक करत असेल, तर डेटाबेसमध्ये भाव बदलला तरी त्या काँटेक्स्टमधून सकाळचाच आकडा येत राहतो. दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर काँटेक्स्ट थेट कोलमडू शकतो, कारण तो एका वेळी एकाच कामासाठी बनवलेला आहे. शिवाय स्कोपची ही तपासणी मुळात डेव्हलपमेंटमध्येच चालू असते, प्रॉडक्शनमध्ये नाही. म्हणजे आपल्या मशीनवर ओरडणारी चूक सर्व्हरवर गुपचूप बसते. स्प्रिंग बूटने 2.6 आवृत्तीपासून वर्तुळाकार अवलंबनाला मनाई केली, तेव्हाही सेटिंग बदलून ते चालू ठेवण्याची पळवाट अनेकांनी शोधली. एकमेकांना मागणाऱ्या दोन क्लासमधलं सामाईक काम तिसऱ्यात काढणं हा खरा उपाय.

मग छोट्या ॲपला ही कटकट हवीच कशाला, हा आक्षेप निम्मा रास्त आहे. मार्टिन फाउलरच्या 2004च्या लेखातून डिपेंडन्सी इंजेक्शन हे नाव रूढ झालं, पण तंत्र वेगळं आणि कंटेनर वेगळा. पाच-सहा क्लास असतील तर प्रोग्रॅमच्या सुरुवातीलाच हाताने जोडणी करावी. विसरलेली वस्तू मग कंपायलरच दाखवतो. मात्र डीबीकाँटेक्स्ट प्रत्येक रिक्वेस्टला नवा घ्यायचा, हे तिथेही आपल्यालाच सांभाळावं लागतं.