वृद्ध प्रमेही आणि रक्तशर्करेची खालची मर्यादा

वार्धक्य हा वातप्राबल्याचा काळ. धातुक्षय, अग्निवैषम्य व बलहानी या वयात स्वाभाविकच असतात. अशा देहात मधुमेह असला म्हणजे चिकित्सकाचे लक्ष वाढलेल्या शर्करेकडे जाते. परंतु वृद्धाची शर्करा एकाएकी उतरणे हे ती काहीशी चढलेली राहण्यापेक्षा अधिक त्वरेने घातक ठरते, याकडे आम्ही वैद्यबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो.

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहींचे स्थूल-बलवान व कृश-दुर्बल असे दोन वर्ग करून पहिल्यास संशोधन, तर दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे. व्यवहारात मात्र सरसकट सर्वांना लंघन, कारल्याचा रस व भरपूर चालणे सुचविले जाते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, वजन घटत चाललेल्या रुग्णास हे अपतर्पण सोसत नाही.

आधुनिक वैद्यकही येथे भेद करते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनानुसार एरवी निरोगी वृद्धात एचबीए१सी ७ ते ७.५ टक्क्यांच्या खाली, तर अनेक व्याधी असणाऱ्यांत ८ टक्क्यांच्या खाली असावे. अतिदुर्बल रुग्णांत आकड्याचा पाठपुरावा न करता शर्करा फार उतरू न देणे व वाढीची लक्षणे टाळणे यांवर भर आहे.

धोका बहुधा औषधसंयोगातून उद्भवतो. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारखी औषधे घेणाऱ्याने जेवण टाळले, तर शर्करा उतरते. वृक्क दुर्बल असल्यास औषधाचा प्रभाव अधिक काळ टिकतो. त्यात मेषशृंगीसारख्या शर्कराशामक द्रव्याची भर पडली की धोका वाढतो. एकादशीच्या निर्जळी उपवासात गोळी नेहमीप्रमाणे घेतली जाते, हेही आवर्जून विचारावे. याउलट साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेल्या उपवासात शर्करा चढते.

घाम, थरथर, धडधड ही परिचित लक्षणे वृद्धात नेहमी दिसतीलच असे नाही. अकस्मात भ्रम, असंबद्ध बोलणे, तोल जाणे एवढेच दिसते आणि ‘वयामुळे होते’ म्हणून ते सोडून दिले जाते. अशा वेळी प्रथम शर्करा तपासावी. ती ७० मि.ग्रॅ./डेसिलिटरपेक्षा कमी असून रुग्ण शुद्धीवर असल्यास सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज वा साखर पाण्यातून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडाने काहीही न देता तत्काळ रुग्णालयात न्यावे.

वाग्भटांनी प्रमेहात श्रेष्ठ मानलेली आमलकी-हरिद्रा योजतानाही रुग्णाच्या चालू गोळ्यांची यादी पाहावी, वृक्कपरीक्षण करवावे आणि मूळ औषध परस्पर बंद न करता संबंधित डॉक्टरांशी विचारविनिमय करावा. मूग, ज्वारी, ताक, भाज्या असा आहार ठरल्या वेळी, थोडाथोडा द्यावा. रुग्णाचे बल राखणे हेच येथे चिकित्सेचे पहिले सूत्र होय, असे आमचे नम्र मत आहे.