पोरक्याचे घर : दत्तक, धर्म आणि केडगाव

दत्तक हा शब्द आपल्याला परका नाही. बडोदेकरांना तर तो इतिहासातूनच ठाऊक आहे. कवळाण्याचा गोपाळराव १८७५ मध्ये जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. ग्वाल्हेरची गादीही १८४३ मध्ये दत्तकानेच चालली. मात्र या दत्तकामागचा हेतू पाहा. गादीला वारस हवा, पितरांना पिंड हवा, म्हणून मूल घ्यायचे आणि तेही कुळ पाहून. ज्याचे कुळच ठाऊक नाही, त्या मुलाला या चौकटीत जागा नाही.

ख्रिस्ती विचाराने हा प्रश्न दुसऱ्या टोकाकडून धरला. नव्या करारातील याकोबाच्या पत्रात, अनाथ आणि विधवा यांच्या संकटात त्यांच्याकडे जाणे ही शुद्ध धर्माची एक खूण सांगितली आहे. देव माणसाला दत्तक घेतो, अशी भाषा पौल वापरतो. म्हणजे श्रद्धावंत स्वतःच एकेकाळी पोरका होता आणि त्याला घरात घेतले गेले. मग दुसऱ्याचे मूल घरात घेणे हा उपकार राहत नाही, ती ऋणाची फेड होते. ख्रिस्ती लोक ज्याला ‘पाचारण’ म्हणतात, त्याचा हा अर्थ.

इंग्लंडातील ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी १८३६ मध्ये अनाथांसाठी पहिले घर उघडले. कोणाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त प्रार्थना करायची, हा त्यांचा नेम होता. त्यांच्या हयातीत दहा हजारांवर मुले तेथे वाढली. हे चरित्र वाचणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या.

रमाबाईंना पोरकेपण पुस्तकातून कळले नव्हते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, छपाई अशी कामे मुली शिकल्या. रमाबाईंनी मराठीत केलेले बायबलचे भाषांतर याच मुलींनी छापले.

आता अवघड भाग. यातील बहुतेक मुली ख्रिस्ती झाल्या. त्याआधी १८९३ मध्येच शारदा सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठले होते. ‘केसरी’ने टीका केली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आक्षेप पोकळ नव्हता. उपाशी मुलाच्या संमतीला काय अर्थ, हे विचारलेच पाहिजे. पण दुसरा प्रश्नही तितकाच खरा आहे : दुष्काळाच्या रस्त्यावर त्या मुलींना उचलायला आणखी कितीजण गेले होते? जो मुलाला उचलतो, त्याच्याच प्रार्थनेत ते मूल वाढते. नुसत्या टीकेने हे बदलत नाही. धोंडो केशव कर्वे यांनी ते ओळखले. त्यांच्या पत्नी आनंदीबाई शारदा सदनातच शिकलेल्या. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले. आक्षेपाला कामाने दिलेले हे उत्तर होते.

कायद्याची गंमत पाहा. १९५६ च्या दत्तक कायद्याचा लाभ हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांनाच मिळाला. ज्या धर्माच्या ग्रंथात दत्तकाचा एवढा गौरव, त्याच्या अनुयायांना बराच काळ केवळ पालकत्वावर समाधान मानावे लागे. बालन्याय कायद्याने आता ही वाट सर्वधर्मीयांना मोकळी केली आहे. त्याच कायद्यात प्रतिपालनाचीही सोय आहे. त्यात मूल काही काळ दुसऱ्या कुटुंबात राहते. त्याचे नाव बदलत नाही, वारसा बदलत नाही, जन्मदात्यांशी नातेही तुटत नाही.

वाचकहो, प्रतिपालनात घराला वारस मिळत नाही, पिंडही मिळत नाही. तेथे फक्त मुलाला घर मिळते. आपली घराणी कधीकाळी परमुलखात आली आणि तेथल्या लोकांनी त्यांना सामावून घेतले. ती आठवण अजून जिवंत असेल, तर एका मुलापुरते दार उघडायला आपल्याला कोणत्या धर्मग्रंथाची आज्ञा हवी?