पांढरीतली खापरे

शेतकरी गावाच्या जमिनीचे दोन भाग करतो. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. चुलीची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचत गेली की जमिनीचा रंगच बदलतो. पुरातत्त्वज्ञ आधी हीच पांढरी हुडकतो. प्रवरेकाठच्या संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावची पांढरी १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी खणली, आणि तिथल्या खापरांमुळे या छोट्या गावाचे नाव दख्खनच्या एका ताम्रपाषाण संस्कृतीला मिळाले. काळ साधारण इ. स. पूर्व १४०० ते ७००.

जोर्वेचे खापर एकदा हाती घेतले की पुन्हा चुकत नाही. तांबूस-नारिंगी, चकाकी नसलेला पृष्ठभाग, त्यावर काळ्या रेघा: तिरप्या रेषांच्या जाळ्या, त्रिकोण, चौकटी. भांडे चाकावर घडवलेले, नक्षी भाजण्यापूर्वीची. भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर खणकन वाजते. घाट ठरलेले: मधोमध कंगोरा असलेला वाडगा आणि पसरट तोंडाचे, लांब तोटीचे भांडे.

प्रवरेकाठचेच दायमाबाद म्हटले की लोकांना १९७४ मध्ये सापडलेला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा आठवतो. माझे मन मात्र तिथल्या खापरांकडे ओढ घेते. ही ब्राँझची शिल्पे एका गावकऱ्याच्या हाती लागली, शिस्तशीर उत्खननात नव्हे. म्हणून त्यांच्या काळाचा वाद मिटलेला नाही. खापरे थरांत मिळाली. एस. ए. साळी यांच्या उत्खननात खालून वर सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृती एकावर एक उलगडल्या. कोणत्या थरात कोण राहत होते, ते खापरांच्या रंगावरून आणि नक्षीवरून ओळखता आले.

रंगवलेली भांडी मृताच्या सोबतीला देणारे लोक दूर अमेरिकेतही होते. तिथे नैर्ऋत्येला, न्यू मेक्सिकोत, इ. स. १००० ते ११३० च्या सुमारास मिंब्रेस लोक पांढऱ्या वाडग्यांवर काळ्या रंगात ससे, मासे, माणसे चितारत. घराच्या जमिनीखाली पुरलेल्या माणसाच्या तोंडावर असा वाडगा पालथा घालत, अनेकदा त्याच्या बुडाला भोक पाडून. मिंब्रेस आणि जोर्वे लोकांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी प्रवरेकाठीही मृताला घरातच जागा होती. लहान मूल गेले तर हाताने घडवलेले दोन करडे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत, त्यात ते निजवत आणि जमिनीखाली पुरत. त्या रांजणांवर नक्षी नसे. रंगवलेला वाडगा आणि तोटीचे भांडे सोबत ठेवत. त्यात पाणी किंवा दूध असावे, असे मला वाटते. घरातली चांगली भांडी अशी बाळाबरोबर जात.

प्रवरेकाठच्याच नेवाशाला १९५४-५६ च्या उत्खननात एका बालदफनात तांब्याचे मणी मिळाले. मण्यांच्या आत ओवलेला धागा तांब्याच्या गंजामुळे टिकून राहिला होता. त्यात कापूस होता आणि रेशीमही.