वऱ्हाडची तूरडाळ : शेतापासून स्वयंपाकघरापर्यंत

वऱ्हाडचें नांव निघालें कीं प्रथम कापूस डोळ्यांपुढें येतो. परंतु त्याच काळ्या जमिनींत कपाशीच्या जोडीनें तुरीच्याही ओळी उभ्या असतात. आणि अकोला व अमरावती येथील गिरण्यांत त्या तुरीची डाळ होऊन ती दूरदूरच्या वाण्यांच्या दुकानांत जाते.

या धंद्यांतील मुख्य अडचण काळाची आहे. तूर पावसाळ्याच्या आरंभीं पेरतात आणि ती डिसेंबरपासून पुढें हातीं येते. बहुतेक माल दोन-तीन महिन्यांतच बाजारांत लोटतो; वरण मात्र बारा महिने शिजतें. मधल्या काळांत धान्य कोणी तरी सांभाळलें पाहिजे, त्यांत पैसा गुंतविला पाहिजे आणि भाव पडल्यास तोटाही सोसला पाहिजे. ज्या शेतकऱ्याला देणें भागवावयाचें असतें त्याला थांबतां येत नाहीं. ज्याच्याजवळ कोठार व भांडवल आहे तोच थांबतो.

साठवण म्हणजे केवळ थप्पी लावणें नव्हे. ओल्या तुरीला बुरशी लागते व भुंगेरा दाणे पोखरतो. म्हणूनच सरकारी खरेदींत ओलाव्याची मर्यादा शेंकडा 12 ठेवलेली असते.

गिरणींत आलेली तूर प्रथम चाळून तिची प्रतवारी करतात. तुरीचें टरफल दाण्याला चिकटून बसलेलें असतें. तें सुटावें म्हणून दाण्यावर ओरखडे पाडून त्याला तेल चोळतात, उन्हांत वाळवितात, पाण्याचा हात देऊन मुरवत ठेवतात आणि मग कुरुंदाच्या रुळांवर सोलून फोडतात. उन्हावर अवलंबून असलेल्या गिरणीचें काम ढगाळ दिवशीं अडते, तें याच कारणानें. शंभर किलो तुरीपासून साधारणपणें 70 ते 75 किलो डाळ मिळते. उरलेलें टरफल व चुनी गुरांच्या खाद्यांत जाते. शेंकडा दोन-चार किलोंचा फरकही गिरणीवाल्याच्या नफ्यातोट्याचा निकाल लावतो. पुढें विदर्भाच्या बाजारांत तीच डाळ ‘फटका’, ‘फोड’ अशा निरनिराळ्या नांवांनीं व निरनिराळ्या भावांनीं विकली जाते.

ही सांखळी कोठें तुटते, तें 2015 ते 2017 या काळांत स्पष्ट दिसलें. 2015-16 सालीं देशांत तूर सुमारें 25 लाख टनच पिकली. 2015 च्या अखेरीस डाळ किलोला 200 रुपयांच्या घरांत गेली आणि सरकारनें साठ्यावर मर्यादा घातल्या. 2016 सालीं परदेशांतून तूर आणण्यासाठीं मोझांबिकशीं करारही झाला. चढ्या भावाच्या आशेनें शेतकऱ्यांनीं पेरा वाढविला, पाऊसही बरा झाला, आणि 2016-17 चें पीक 48 लाख टनांच्या आसपास गेलें. बोनस धरून हमीभाव क्विंटलला 5050 रुपये होता. बाजारभाव त्याखालीं आला. सरकारी केंद्रांपुढें तुरीच्या गाड्यांच्या रांगा लागल्या, बारदाना अपुरा पडला आणि एप्रिल 2017 मध्यें महाराष्ट्रांतील शेतकरी विकावयास आणलेल्या मालाची राखण करीत बसले. धान्य मुबलक होतें, पोतें नव्हतें.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. कोठार, काटा, बारदाना व वाहतूक हीं पिकाइतकींच महत्त्वाचीं आहेत, आणि त्यांची तजवीज पीक उभें असतांनाच व्हावयास हवी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें लहान डाळगिरणी तयार केली, तिचें मोल येथेंच आहे. गांवच्या गटाला आपली तूर गांवांतच फोडतां आली, तर तिला कच्च्या मालाच्या भावानें विकण्याची घाई उरत नाहीं. टरफल व चुनीही गांवच्या गुरांनाच मिळते. अर्थात् माल स्वच्छ नसेल व गिऱ्हाईक ठरलेलें नसेल, तर यंत्र पडून राहील. वाटींतल्या वरणामागें एवढी मोठी जुळवाजुळव असते. तिच्यांतील एक दुवा निखळला, तर त्याचा भार बहुधा पिकविणारावर किंवा खाणारावर येऊन पडतो.