सेन्सोजी : न दिसणाऱ्या मूर्तीचें मंदिर

देवदर्शनास निघालेला मनुष्य एक गोष्ट गृहीत धरून चालतो, ती ही कीं, गाभाऱ्यापाशीं पोहोंचल्यावर मूर्ति दृष्टीस पडेल. पंढरीच्या वारकऱ्यास विटेवरचें रूप दिसलें म्हणजे त्याची पायपीट सार्थकीं लागते. परंतु जपानच्या राजधानींत, टोकियो शहरांत, एक असें बौद्ध मंदिर आहे कीं, तेथील मुख्य मूर्ति तेरा शतकांहून अधिक काळ कोणाहि भाविकास दाखविलेली नाहीं. आणि तरीहि तेथील गर्दी ओसरत नाहीं. त्या मंदिराचें नांव सेन्सोजी.

हें मंदिर असाकुसा नांवाच्या भागांत, सुमिदा नदीच्या जवळ आहे. असाकुसा आणि सेन्सो हीं नांवें कानांस वेगळीं लागलीं, तरी तीं त्याच दोन चिनी अक्षरांचीं दोन वाचनें आहेत : पहिलें देशी, दुसरें चिनी वळणाचें. 'जी' म्हणजे मंदिर. दंतकथा अशी कीं, इ. स. ६२८ मध्यें हिनोकुमा घराण्यांतील हामानारी व ताकेनारी हे दोघे भाऊ नदींत मासे धरीत असतां त्यांच्या जाळ्यांत एक मूर्ति आली. गांवचा प्रमुख हाजी नो नाकातोमो यानें ती कान्नोनची म्हणून ओळखली, आणि आपल्या राहत्या घराचेंच देऊळ केलें. पुढें ६४५ मध्यें शोकाइ नांवाच्या भिक्षूनें मंदिर उभारलें व स्वप्नांतील आज्ञेवरून मूर्ति कायमची झांकून ठेविली. नवव्या शतकांत तिच्यापुढें एक प्रतिमूर्ति बसविण्यांत आली. तीहि एरवीं पडद्याआडच असते. दरवर्षीं १३ डिसेंबर रोजीं मात्र तिचें दर्शन घडतें.

ही कान्नोन महाराष्ट्रास परकी नव्हे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांत हातीं कमळ घेतलेला जो पद्मपाणि आहे, कान्हेरीच्या एका लेण्यांत ज्याची अकरा मुखांची मूर्ति आहे, तो करुणामय अवलोकितेश्वरच चीनमध्यें क्वानयिन व जपानांत कान्नोन झाला. प्रवासांत त्याचें रूप पालटलें व चित्रांतून तो पुष्कळदां मातेसारखा दिसूं लागला. परंतु त्याचें बीजाक्षर 'स' हें जपानी भिक्षु अद्यापि सिद्धम् या भारतीय लिपींतच लिहितात.

मंदिराकडे जाणारास प्रथम लागतो तो कामिनारिमोन, म्हणजे मेघगर्जनेचा दरवाजा. त्याच्या उजव्या अंगास वायुदेव व डाव्या अंगास गर्जनेचा देव उभा आहे. मध्यें तांबडा कागदी कंदील टांगलेला असतो. त्याची उंची ३.९ मीटर व वजन सुमारें ७०० किलो. परंतु वादळाच्या वेळीं आणि मे महिन्यांतील सान्जा उत्सवांत तो खालून वर दुमडून ठेवितात. हा दरवाजा १८६५ मध्यें जळाला व पुढें पंचाण्णव वर्षें तेथें कायमचा दरवाजा नव्हता. सध्यांचा १९६० सालचा आहे. त्याच्या आंत सुमारें अडीचशें मीटर लांबीची दुतर्फा दुकानांची पेठ आहे. पेठ संपली कीं होझोमोन हा दुमजली दरवाजा. त्याच्या मागील बाजूस साडेचार मीटर लांबीच्या गवती चपला टांगलेल्या आहेत; एवढें पाऊल ज्याचें, त्याच्या राखणींतील मंदिराच्या वाटेस दुष्ट शक्ति जाणार नाहींत, ही त्यामागील कल्पना.

मंदिरापुढें मोठें धूपपात्र आहे. भाविक त्याचा धूर हातांनीं ओढून दुखऱ्या अंगास लावितात. शेजारीं नशीब पाहण्याची सोय आहे : डबी हालवून काडी काढावयाची, आणि तिच्यावरील अंकाच्या खणांतून चिठ्ठी घ्यावयाची. शंभर चिठ्ठ्यांपैकीं तीस अशुभ असतात. अशुभ चिठ्ठी निघाली, तर ती तेथेंच बांधून यावयाची. प्रार्थनेच्या वेळीं येथें टाळी वाजवीत नाहींत. हात जोडून मस्तक लववितात. टाळी वाजवावयाची ती बाजूच्या असाकुसा शिंतो देवळांत. मूर्ति ओळखणारा तो गांवप्रमुख व ते दोघे कोळी बंधु यांचीच तेथें पूजा होते.

येथवर सर्व आनंदाचें आहे. परंतु या भूमीनें पुष्कळ दुःखहि पाहिलें आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर भोंवतालचा भाग आगींत भस्म झाला, पण मंदिर वांचलें, आणि आवारांत आलेल्या असंख्य लोकांचे प्राण वांचले. त्यामुळें कान्नोनच्या आश्रयास अग्नि शिवत नाहीं, असा विश्वास लोकांत दृढ झाला. १० मार्च १९४५ च्या रात्रीं अमेरिकन विमानांनीं शहरावर अग्निबाँब टाकले, तेव्हां त्या विश्वासाचा निभाव लागला नाहीं. एका रात्रींत सुमारें एक लाख माणसें मेलीं. १६४९ पासून उभें असलेलें लांकडी मंदिर व त्याजवळील पांचमजली पागोडा जळून गेले. पूर्वेकडील नितेनमोन दरवाजा व शिंतो देऊळ मात्र वांचलें.

युद्धांत सर्वस्व गमावलेल्या लोकांनींच पुन्हां वर्गणी दिली. १९५८ मध्यें नवें मंदिर पुरें झालें, आणि १९७३ मध्यें नवा पागोडा. आगीचा धडा घेऊन मंदिर लांकडाऐवजीं सिमेंट-काँक्रीटचें केलें, आकार मात्र जुनाच ठेविला. यावर कोणी म्हणेल, "मग येथें प्राचीन तें काय राहिलें?" महाराष्ट्रांतील लेण्यांत पाषाण टिकला, पण पूजा शतकानुशतकें थांबली, असाकुसांत लांकूड जळालें, पूजा चालूच राहिली. दोहोंपैकीं प्राचीन कोणतें म्हणावें, हें प्रवाशानें तेथें उभें राहूनच ठरवावें.

त्यासाठीं संध्याकाळची वेळ चांगली. पांच वाजतां मंदिराचीं दारें बंद होतात, परंतु आवार उघडेंच असतें. कामावरून परतणारे लोक बंद दारापुढें क्षणभर थांबतात, हात जोडतात व घरीं जातात. दार उघडें असतांहि ज्यांना मूर्ति दिसणार नव्हती, त्यांना बंद दाराची खंत कसली?