‘मॅश’ चित्रपटातील एककालिक भाषण

रॉबर्ट ऑल्टमन यांनी दिग्दर्शित केलेला ‘मॅश’ हा अमेरिकन चित्रपट १९७० साली प्रदर्शित झाला. कोरियातील युद्धाच्या (१९५०–५३) काळी तंबूंतून चालविल्या जाणाऱ्या एका फिरत्या लष्करी शस्त्रक्रिया-रुग्णालयात त्याचे कथानक घडते. शीर्षकही त्या रुग्णालयाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून सिद्ध झाले आहे. रणांगण त्यात जवळजवळ नाहीच. जे रक्त दिसते ते शस्त्रक्रियेच्या मेजावर, आणि त्याच मेजाभोवती शल्यविशारदांची थट्टामस्करी अखंड चालू असते. या थट्टेस निर्दयता म्हणावयाचे किंवा कसे, या प्रश्नाचा येथे भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

संभाषणात सामान्यतः एका वेळी एकच व्यक्ती बोलते आणि दोघे एकदम बोलले तरी ते क्षणमात्र, असे सॅक्स, शेग्लॉफ व जेफरसन यांनी १९७४ साली प्रतिपादिले. ‘मॅश’मध्ये हा नियम पदोपदी मोडला जातो. तथापि शस्त्रक्रियेचे प्रसंग लक्षपूर्वक ऐकले असता एक भेद ध्यानात येतो. उपकरणाची मागणी आखूड असते, बहुधा एकाच शब्दाची. तिला उत्तर मिळते ते कृतीने, आणि तत्काळ. थट्टेला उत्तर मिळाले काय किंवा न मिळाले काय, सारखेच! मृतासाठी प्रार्थना करीत असलेल्या धर्मगुरूस जिवंत रुग्णाकरिता हात द्यावयास बोलाविले जाते, तेव्हा त्या बोलावण्यात विनोदाचा लवलेशही नाही. जेथे प्राण अवलंबून आहेत तेथे पाळीचा नियम गलबल्यातही अबाधित राहतो.

याउलट लष्करी अधिकाराची भाषा पोकळ ठरते. कर्नलचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच कारकून रडार तेच शब्द उच्चारतो. आज्ञा देण्याचे प्रयोजनच उरत नाही. ध्वनिक्षेपकावरील चाचरत्या घोषणा संकलनाच्या वेळी मागाहून घालण्यात आल्या, आणि शेवटच्या घोषणेत तर नटांचीच नावे वाचली जातात.

परंतु हाच ध्वनिक्षेपक मुख्य परिचारिका हूलिहान हिचे एकांतातील बोलणे साऱ्या छावणीस ऐकवितो आणि त्यातूनच तिला चिकटलेले टोपणनाव जन्मास येते. येथे, व पुढे तिच्या स्नानाच्या प्रसंगी, वरील समर्थन टिकत नाही असे माझे मत आहे. ती उत्तम परिचारिका आहे हे चित्रपटच मान्य करतो; मग शिक्षा कशाची?

अभ्यासकांस एक सूचना करावीशी वाटते. पटकथेबद्दल रिंग लार्डनर (कनिष्ठ) यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले असले, तरी नटांनी आयत्या वेळी केलेली भर विपुल असल्यामुळे विश्लेषण ध्वनिपट्टीचेच करावे. पडद्यावरील उपशीर्षकांवरही विसंबू नये. त्यांत एकेक वक्ता रांगेने उभा केलेला असतो, आणि ऐकू न येणारी अर्धी वाक्ये तेवढी गळून पडतात.