बत्तिसाव्या स्तोत्रातला नीतिमान

माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासाने, स्वतःच्या पुण्याईने नाही, हा विचार सहसा ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या नावावर सांगितला जातो. पहिल्या शतकात रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात त्याने साक्षीला यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम आणला आणि बायबलच्या स्तोत्रसंहितेतले, दाविद राजाच्या नावावरचे बत्तिसावे स्तोत्रही आणले. पौलाने आपला सिद्धान्त एका जुन्या यहुदी कवितेवर लादला, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. ती कविता शेवटपर्यंत वाचली तर हा आक्षेप टिकत नाही, असे मला वाटते.

बायबलमधली हिब्रू कविता यमकावर उभी नसते, ती जोडओळींवर उभी असते. पहिली ओळ एक गोष्ट सांगते. दुसरी तीच पुढे नेते किंवा तिच्यासमोर विरुद्ध गोष्ट मांडते. त्यामुळे कशासमोर काय ठेवले आहे, यातच बराचसा अर्थ असतो. हे स्तोत्र क्षमा मिळालेल्या माणसाला धन्य म्हणत सुरू होते. मग कवी अपराध दडवून गप्प राहिल्याचे दिवस आठवतो. हाडे झिजत गेली, रात्रंदिवस देवाच्या हाताचा भार जाणवत राहिला, जीवातली ओल आटली. शेवटी तो सगळे कबूल करतो आणि त्याच वचनात त्याला क्षमा मिळते. मध्ये ना बळी, ना नवस, ना आधी चांगले वागून दाखवण्याची अट. पुढे दहाव्या वचनात दुष्टाच्या वाट्याला येणारी दुःखे सांगितल्यावर त्याच्यासमोर सदाचारी माणूस येईल, अशी आपली अपेक्षा असते. कवी तिथे देवावर भरवसा ठेवणाऱ्याला उभा करतो. लगेच अकराव्या वचनात तो नीतिमानांना आनंद करायला बोलावतो. हा नीतिमान म्हणजे थोड्या वेळापूर्वी अपराध कबूल केलेलाच माणूस. पौलाने या स्तोत्राची फक्त सुरुवात उद्धृत केली. त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा शेवटच्या दोन वचनांत आहे.

पण सव्विसाव्या स्तोत्रात कवी स्वतःच्या सचोटीचा हवाला देऊन न्याय मागतो, त्याचे काय? माझ्या मते तो दुष्टांच्या पंक्तीत आपली गणना होऊ नये म्हणून बोलतो. जन्मभर निष्पाप राहिल्याचा दावा त्यात नाही. एकशे सहावे स्तोत्र अधिक अडचणीचे आहे. तिथे लोकांच्या पापात मध्ये पडणाऱ्या फिनहास याजकाची कृतीच त्याच्या बाजूला नीतिमत्त्व म्हणून जमा होते. हे मान्यच करायला हवे. दीडशे स्तोत्रांचा हा संग्रह अनेक हातांनी घडला, त्यातून एकच आखीव सिद्धान्त निघत नाही. तरीही बोलणारा स्वतःला अपराधी म्हणवतो तेव्हा सूर बदलतो. एकशे तिसावे स्तोत्र म्हणते की देवाने पापांचा हिशेब ठेवला तर कोणीच टिकणार नाही, आणि एकशे त्रेचाळिसावे कोणाही जिवंत माणसाला त्याच्यापुढे निर्दोष मानत नाही. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने बत्तीस, एक्कावन्न, एकशे तीस आणि एकशे त्रेचाळीस ही चार स्तोत्रे पौलाच्या विचाराची म्हणून एकत्र मांडली, ती याच सुरामुळे.

अशी क्षमा स्वस्त होते, हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. एक्कावन्नाव्या स्तोत्राचे शीर्षक ते दाविदाने उरीयाची बायको बथशेबा हिच्याशी केलेल्या व्यभिचाराशी जोडते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात नाथान संदेष्टा दाविदाला क्षमा झाल्याचे सांगतो, पण मूल मरते आणि घरातली तलवार पुढेही शमत नाही. दाविदाने मारवलेला उरीया तर परत येतच नाही. क्षमेने देवाशी तुटलेले नाते जुळते; केल्याची फळे ती पुसत नाही. नव्याण्णवावे स्तोत्र तर एकाच वचनात देवाला क्षमा करणारा आणि कृत्यांचे शासन करणाराही म्हणते.